न निघालेले उतारू

'कुठे चाललास?' असं मला जन्मभर लोकांनी विचारलं. गाडीवानाला दुसरं काय विचारणार? पण 'कुठे जायचं राहिलंय?' असं विचारणारा एकच माणूस मला भेटला. तो म्हणजे आमचे पंत.

मी फारसा शिकलेला नाही. अक्षर लावून वाचतो, थांबत थांबत लिहितो. गोड बोलणं मला जमत नाही, हे माझी बायकोही सांगायची. ती या पौषात गेली. तेव्हापासून घरी येणारा-जाणारा एकच विचारतो, 'आता इथे एकटे काय करता? लेकाकडे इंदूरला जा.' ते ऐकलं की मला पंतच आठवतात. म्हणून आधी त्यांच्याविषयी लिहितो, मग मी कुठे जायचं ते बघू.

मी तेव्हा धारच्या गाडीखान्यात दमणी हाकायचो. दमणी म्हणजे माणसं नेण्याची हलकी बैलगाडी, वर छत आणि पुढे-मागे पडदे. माझी जोडी लाल्या आणि हौशा यांची. लाल्या शहाणा होता, हौशा नावाप्रमाणे. जमादार सगळ्यांनाच भिया म्हणजे भाऊ म्हणायचा. एका सकाळी म्हणाला, "भिया, तुझी दमणी आजपासून पंतांकडे. सांभाळून हो, डोकं जरा तिरकं आहे."

"बैलाचं?"

"पंतांचं."

पंत दक्षिणेतून आलेले. आधी कुठल्याशा रेल्वे कंपनीच्या मालाच्या कचेरीत होते. महूपासून धारवरून आगगाडीचा फाटा काढला आणि दुसरा तुकडा देवासला जोडला, तर त्यावर किती माल जाईल, किती माणसं बसतील, रूळ टाकायचा खर्च निघेल का, याचा अंदाज करायला दरबारनं त्यांना आणलं होतं. गावानं लगेच नाव पाडलं, अंदाजपंत. त्यांना ते आवडायचं. कुणी हाक मारली की छत्री उंचावून म्हणायचे, "अंदाज आहे हो, हुकूम नाही!"

ही छत्री वर्षभर त्यांच्या हातात असायची. ऊन असो, सावली असो, घरात असो. तिच्या टोकानं ते जिथे थांबतील तिथे मातीत अख्ख्या हिंदुस्थानच्या आगगाड्या काढायचे. इकडे मुंबई, तिकडे दिल्ली, इथून कलकत्ता. मग मधल्या कोऱ्या मातीत छत्री रोवायचे. "गाडीवान, हे बघ. एवढं मोठं जाळं विणलं आणि नेमकं इथे भोक ठेवलं. या भोकात आपण दोघं बसलोय."

"आणि बैल," मी म्हणायचो.

"आणि बैल. बरोबर. बैल विसरून चालणार नाही."

आता गंमत सांगतो. आगगाडीचा एवढा ध्यास असलेल्या या माणसाला आगगाडी लागायची. डब्यात बसले की डोकं गरगरून ओकारी यायची. महूच्या स्टेशनावर कागद पोचवायला आम्ही जायचो, तर इंजिनाची शिटी होताच पंत माझा दंड घट्ट धरायचे. शिटी थांबली की दंड सोडून, जणू काही झालंच नाही असे, म्हणायचे, "चांगलं यंत्र आहे. दुरून फार चांगलं आहे."

दुसरी खोड म्हणजे ते दमणीत बसायचे नाहीत. दरबारची दमणी, मऊ गादी, वर छत, आणि पंत छत्री उघडून मागे चालायचे. मला पहिल्या दिवशी लाज वाटली. लोक म्हणतील गाडीवानानं साहेबाला उतरवून दिलं. मी गाडी थांबवून म्हटलं, "पंत, बसा की. मला बोल लागेल."

"पुढे बसून काय दिसतं तुला?"

"रस्ता."

"मला रस्ता नको आहे. गाडी गेल्यावर मागे उभं राहून तिच्याकडे बघत कोण राहतं, ते मला बघायचंय. गाडीत बसलेला उतारू कुणालाही मोजता येतो. माझा उतारू अजून निघालेलाच नाही."

मला वाटलं, जमादार बरोबर बोलला होता. पण पुढे चालता चालता मी मान वळवून पाहिलं. खरंच, वेशीपाशी एक म्हातारी हातातली घागर खाली ठेवून आमच्या दमणीकडे बघत उभी होती. पंतांनी तिला नमस्कार केला, विचारलं, "आई, गाडीकडे काय बघता?"

"कईं नी बापजी," ती म्हणाली. "म्हारी छोरी धामनोद में हे." आणि घागर उचलून चालू लागली.

आता पंत तिच्याकडे बघत उभे राहिले.

मालाचा अंदाज पंतांनी लवकर उरकला. कापूस, गहू, गूळ, अफू. अफूचं त्यांनी कचेरीत सरळ सांगितलं की हिचे दिवस सरले, हिच्या भरवशावर रूळ टाकू नका. कारभाऱ्यांना ते झोंबलं. माळव्यात बसून अफू जाणार म्हणणं म्हणजे लग्नघरात शिंकण्यासारखं. पण थोड्याच वर्षांत ती गेली. पंतांचं अवघड काम माणसांचं होतं. ते प्रत्येक घरी जाऊन विचारायचे, जाता आलं असतं तर कुठे गेला असतात? स्वस्तात, एका दिवसात पोचवलं असतं तर?

पुरुष हसायचे. तिरल्याचा एक शेतकरी म्हणाला, "म्हारे कां जाणो? खेत यांज हे." शेत इथेच, तर जायचं कुठे? बायकांना विचारलं की आतून सासूच उत्तर द्यायची. पंत घरातल्या सगळ्यांसमोर सुनेला बोलावून रीतसर विचारायचे आणि सून पदर ओढून म्हणायची, कुठे नाही. सगळ्या धारमध्ये एकही बाई कुठे जायची राहिली नव्हती. पंत खट्टू झाले. मला म्हणाले, "गाडीवान, या गावाला पाय नाहीत."

मग ते आमच्या घरी आले. आमचं घर गाडीखान्याच्या मागेच होतं. सकाळी मी बैल जुंपत होतो, पंत अंगणात छत्री उघडून उभे. माझी आई पडवीत तांदूळ निवडत बसलेली. आई म्हणजे कडक बाई. तिच्यासमोर जमादारसुद्धा पागोटं नीट करायचा.

"सूनबाईंचं माहेर कुठलं?" पंतांनी विचारलं.

"देवासचं. का?"

"आगगाडी झाली तर जातील का माहेरी?"

"ती कशाला जाईल? इथे तिला काय कमी आहे?"

"त्यांनाच विचारतो."

आईनं हाक मारली. माझी बायको दारात येऊन उभी राहिली, खाली बघत. पंतांनी विचारलं. ती म्हणाली, "नाही. मला कुठे जायचं नाही."

"बघा," आई म्हणाली.

पंतांनी मान हलवली आणि छत्री घेऊन दमणीच्या मागे जाऊन उभे राहिले. तेवढ्यात माझी बायको कडब्याची पेंढी घेऊन बैलांकडे आली. मला किंवा पंतांना ती काही बोलणार नव्हती, ती रीत नव्हती. तिनं पेंढी हौशापुढे टाकली, त्याचं कपाळ खाजवलं आणि त्याला म्हणाली, "हौशा, तू बरा. तू देवासला जाऊन येतोस. माझ्या आईला आता दिसत नाही म्हणतात. डोळे पुरते गेले तिचे. माझी वाट बघत दारात बसते म्हणे. दिसत नाही तरी दारात बसते. तू तिला सांग, मुराळी आल्याशिवाय मला कोण सोडणार? आणि मुराळी म्हणून यायला आहे कोण?"

असं म्हणून ती आत गेली.

मुराळी म्हणजे सासरच्या लेकीला न्यायला माहेराहून येणारा माणूस. तो आला की सासरच्यांनी लेक धाडायची. तो न आला तर लेकीनं आपणहून जायचं नाही आणि नवऱ्यानंही तिला नेऊन घालायचं नाही. नेली तर लोक म्हणतात, यांनी बायको टाकली, आणून सोडली. तिचे वडील गेलेले, एकुलता भाऊ दूर कुठे फौजेत. चुलते होते ते बोलत नव्हते. म्हणून लग्नानंतर एकदा ती माहेरी गेली, तेवढीच. हे सगळं मला ठाऊक होतं. पण तिनं मला कधी म्हटलं नव्हतं. हौशाला म्हटलं.

मी गाडी हाकली. नाका ओलांडला आणि मागून पंत ओरडले, "थांब! थांबव दमणी!"

मला वाटलं साप निघाला. उतरून मागे गेलो तर पंत रस्त्यातच उभे, छत्री मिटलेली. दमणीमागे चालताना मिटलेली छत्री मी पहिल्यांदा पाहिली.

"सगळं चुकलं," ते म्हणाले. "सगळी धार चुकली. मी सासूसमोर सुनेला विचारत होतो, माहेरी जायचंय का! कोण हो म्हणेल? कारकुंड्या आहे मी, कारकुंड्या! गाडी वळव. पहिल्या घरापासून पुन्हा."

आणि खरंच पुन्हा सुरुवात केली. पण आता त्यांनी हौशाची शाळा शिकली होती. विहिरीपाशी जायचं, विहिरीकडे पाठ करून बसायचं आणि बैलाशी मोठ्यानं बोलायचं. "काय रे हौशा, या गावच्या सुनांना माहेरी जावंसं वाटत असेल का रे?" हौशा रवंथ करायचा. मागे घागरी थांबायच्या. एक बाई दुसरीला म्हणायची, "म्हारो पीहर तो सोनकच्छ, कुण ले जाय?" दुसरी म्हणायची, "तुझं जवळ तरी आहे बाई, माझं साताऱ्याकडचं. माझ्या भावाचं लग्न झालं ते मला मागाहून सुपारी आली तेव्हा कळलं." एकीनं सुरू केलं की थांबायचं नाव नाही. पंत पाठमोरे बसून ऐकायचे आणि हौशाला म्हणायचे, "हं. हं. मग?"

तिरल्यात मार खायची वेळ आली. विहिरीवर परका माणूस पाठ करून का बसतो म्हणून पटेल काठी घेऊन आला. "लुगायां का पास बैठी ने कईं करी रिया हो?"

पंत न वळता म्हणाले, "मी बायकांशी बोलत नाही, बैलाशी बोलतोय. विचारा बैलाला."

पटेल माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, "पटेल, दरबारचा माणूस आहे. डोक्यानं तिरका आहे, मनानं सरळ आहे." पटेलानं काठी खाली केली, पण जाताना म्हणाला, "बैल तो समझदार दिखे हे." पंतांना हे एवढं आवडलं की इंदूरच्या रस्त्याला लागेपर्यंत ते हसत होते.

मग देवासचं काम निघालं. देवास म्हणजे एका गावात दोन दरबार, थोरली पाती आणि धाकटी पाती. एकाच रस्त्याची ही बाजू एकाची, ती दुसऱ्याची. पंतांनी दोन्हीकडे परवानगी मागितली, दोन्हीकडे वेगवेगळी सुपारी खाल्ली. माझ्या सासूबाईंचं घर थोरल्या पातीत आणि पाण्याची विहीर धाकट्या पातीत. पंत म्हणाले, "दरबार दोन असतील, घागरींची रांग एकच आहे."

मी त्यांना तिकडे नेलं नव्हतं. तेच म्हणाले, "गाडीवान, त्या हौशाला निरोप दिलाय ना कुणी? तो पोचवू."

सासूबाई दारातच बसल्या होत्या. बैलाच्या घुंगरांचा आवाज ऐकून उठल्या, भिंतीला हात लावत पुढे आल्या. "कोण? जावईबापू?" त्यांनी हात पुढे केला, तो आधी हौशाच्या तोंडाला लागला. मी पाया पडलो. त्यांनी माझ्या खांद्यामागे हात फिरवला, दमणीच्या पडद्यापर्यंत, आत कुणी आहे का बघायला. आत कुणी नव्हतं. हात तसाच मागे घेतला आणि म्हणाल्या, "या. दूध तापवते."

"सासूबाई," मी म्हटलं, "तुम्ही लेकीला न्यायला मूळ पाठवा ना कुणाबरोबर तरी."

"कुणाबरोबर पाठवू? मुलगा तिकडे फौजेत. दिरांच्या दाराशी मी जाणार नाही. आणि तुम्ही आणायची नाही, रीत मलाही कळते. माझ्या लेकीला कुणी टाकलेली म्हणायला नको. डोळे गेले ते गेले, हातानं तोंड चाचपलं असतं एकदा."

पंत ओट्यावर बसून ऐकत होते. त्यांनी विचारलं, "मुराळी होण्याला काय लागतं?"

सासूबाई म्हणाल्या, "काय लागतं म्हणजे? माहेरचं माणूस लागतं. भाऊ, चुलता, शेजारी असला तरी चालतो. माहेरच्या उंबऱ्यातून निघालेला पाहिजे आणि शिदोरी घेऊन गेला पाहिजे."

"जात?"

"शेजाऱ्याची जात कोण विचारतं?"

पंत उठले. जोडा काढला, उंबरा ओलांडून आत गेले. आत काय केलं देव जाणे. थोड्या वेळानं बाहेर आले, जोडा घातला, छत्री उघडली. "निघालो," ते म्हणाले. "शिदोरी द्या."

सासूबाई आधी हसल्याच. मग हसता हसता भिंतीला धरून बसल्या. मग चुलीकडे गेल्या. दिसत नसताना त्या बाईनं डिंकाचे लाडू वळले. नारळ, खण आणि लाडवांचा डबा पंतांनी धारपर्यंत स्वतःच्या मांडीवर नेला. म्हणजे दमणीत बसून नेला. मुराळ्यानं चालत जायचं नसतं, म्हणाले.

आमच्या अंगणात दमणी थांबली. पंत उतरले, डबा पुढे धरला. "आईसाहेब, देवासहून आलो. लेकीला न्यायला."

आई डाळ कांडत होती. मुसळ तसंच हातात धरून म्हणाली, "तुम्ही? तुम्ही तर आगगाडीवाले."

"आगगाडीला वेळ आहे. तोवर मी आलो."

"हा कसला मुराळी? बामण मुराळी मी जन्मात पाहिला नाही."

"उंबऱ्यातून निघालोय. विचारा यांना." यांना म्हणजे मला. मी बैलाच्या जोखडाकडे बघत होतो.

आईनं डबा उघडला. लाडू फोडला, वास घेतला, कण जिभेवर ठेवला. आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे बघत होतो. माझी बायको दारामागे होती, तिच्या बांगड्याही वाजत नव्हत्या.

"डिंक जास्त झालाय," आई म्हणाली. "विहीणबाईंचाच हात आहे." मग मुसळ भिंतीला लावलं. "आलेला मुराळी मी परत पाठवणार नाही, आमच्या घरात ते कधी झालं नाही. पण गाडी कोण हाकणार?"

"दरबारची गाडी, दरबारचा गाडीवान."

"म्हणजे माझाच पोरगा ना?"

"आज तो तुमचा पोरगा नाही, गाडीखान्याचा माणूस आहे."

आई माझ्याकडे बघून म्हणाली, "मग नीट ऐक रे गाडीखान्याच्या माणसा. मागे वळून बघायचं नाही. सून मुराळ्याबरोबर चाललीय, नवऱ्याबरोबर नाही. गावात कुणी बघितलं की तू तिच्याशी बोलतोयस, तर माझं नाव घालवशील."

मी हो म्हटलं. शब्द दिला म्हणजे दिला.

असे आम्ही निघालो. मी पुढे, मधे पडदा, आत माझी बायको, आणि पंत पुन्हा मागे चालायला लागले. त्यांना बसवेना. मागचा पडदा वाऱ्यासाठी वर केला होता, त्यामुळे त्यांना ती दिसत होती. मला फक्त बैलांच्या पाठी दिसत होत्या.

नाका गेला तेव्हा मागून आवाज आला, "गाडीवान, रडते आहे!"

मी कासरा घट्ट धरला.

थोडं पुढे गेल्यावर, "थांबली!"

मग, "खारीक खाते आहे!" मग बराच वेळ काही नाही. मग, "झोपली. हळू हाक." मी हळू हाकली. लाल्याला कळलं, हौशाला नाही.

दुसऱ्या दिवशी इंदूर मागे पडलं आणि देवासची टेकडी लांबून दिसायला लागली. टेकडी मला आधी दिसली, कारण मी पुढे होतो. मी गाडी जरा वळती घेतली, म्हणजे टेकडी आतून बाजूनं दिसावी. आत हालचाल झाली. मग मागून पंत ओरडले. छत्री टाकून धावत आले असावेत, कारण आवाज अगदी चाकापाशी आला.

"गाडीवान! हसते आहे! अरे, काय हसते आहे!"

मी वळलो नाही. आईला शब्द दिला होता. पण तेव्हापासून आजपर्यंत तो आवाज माझ्या कानात आहे.

सासूबाईंनी लेकीचं तोंड दोन्ही हातांनी चाचपलं. कपाळ, नाक, हनुवटी. म्हणाल्या, "वाळलीस." सगळ्या आया असंच म्हणतात. पंत त्या वेळी रस्त्यात थोरल्या आणि धाकट्या पातीच्या मधोमध उभे राहून नाक शिंकरत होते. पुढच्या उन्हाळ्यात सासूबाई गेल्या, पण लेकीच्या हातचं महिनाभर जेवून गेल्या. त्या दिवाळीपासून पंत भाऊबीजेला आमच्याकडे यायचे. माझी बायको त्यांना ओवाळायची आणि 'दादा' म्हणायची. आई दरवर्षी म्हणायची, "बामण भाऊ!" आणि दरवर्षी पाट तीच मांडायची.

काही वर्षांनी पंतांचा अंदाज पुरा झाला. वरून रेल्वेचा एक साहेब आला, कचेरीत बैठक भरली. कागदांचं गाठोडं उचलायला मी होतो, म्हणून दाराशी उभं राहायला मिळालं. साहेब इंग्रजीत बोलला, ते पंतांनी मला नंतर सांगितलं. साहेब वाईट नव्हता. मालाचा अंदाज त्याला पटला. माणसांचा आकडा बघून मात्र चष्मा काढला. रस्त्यावर आज जातात त्याच्या कितीतरी पट हे उतारू, ते आहेत कुठे?

"सासरी आहेत," पंत म्हणाले.

कारभाऱ्यांनी ते साहेबाला समजावलं आणि सगळी कचेरी हसली. साहेबही हसला. कारभारी म्हणाले, "पंत, आता बायकांच्या मनावर रूळ टाकायचे का?"

पंत म्हणाले, "मनात असल्याशिवाय तिकीट कोण काढतं? रस्त्यावर दिसतात ते जाणारे. जे निघालेच नाहीत ते रस्त्यावर कसे दिसतील? त्यांच्यासाठीच तर रस्ता करायचा."

साहेबानं कागद नीट जुळवून ठेवले. काही महिन्यांनी उत्तर आलं. माणसांचा आकडा धरला नाही, नुसत्या मालावर फाटा परवडत नाही. आगगाडी होणार नाही.

त्या दिवशी पंत दमणीत बसले. मागे चालले नाहीत. पडदा ओढून घेतला. मी विचारलं, "पंत, बरं आहे ना?"

"आज मागे उभी असलेली माणसं बघवणार नाहीत," ते आतून म्हणाले.

घरी येऊन हे मी सांगितलं, तर माझी बायको कधी नव्हे ते सासूसमोर बोलली. "त्यांचा अंदाज चुकलेला नाही. साहेब कधी विहिरीवर बसला होता का?" आईचं माहेर नर्मदेपलीकडचं होतं. ते तिनंच आम्हाला त्या रात्री जेवताना सांगितलं. त्याआधी मला कधी विचारावंसंच वाटलं नव्हतं.

पंत दक्षिणेत परत निघाले तेव्हा महूला मीच पोचवलं. आगगाडीनंच जावं लागणार होतं. पंतांच्या खिशात लिंबू होतं, आलं होतं, तोंड आधीच पांढरं. इंजिनाची शिटी झाली, त्यांनी माझा दंड धरला आणि या वेळी शिटी थांबली तरी सोडला नाही.

"गाडीवान, सगळ्या मुलखाला विचारलं, तू मात्र कधी उत्तर दिलं नाहीस. तुझं कुठे जायचं राहिलंय?"

"माझं काय राहणार, पंत? मी रोज जातोच. गाडीवान आहे."

"बरं," ते म्हणाले. "सध्या नाही, असं धरतो." आणि नाकाला लिंबू लावून डब्यात चढले. खिडकीतून छत्री हलवत होते ती पार दिसेनाशी होईपर्यंत. मी फलाटावर उभा राहून बघत होतो. मग लक्षात आलं, आज मागे उभा राहून बघणारा मी आहे.

पुढे मोटारी आल्या. पहिल्यांदा इंदूरची मोटार धारला लागली तेव्हा मी मुद्दाम बघायला गेलो. गाडीखान्याचं पोट त्या मोटारीनंच मारलं, तरी गेलो. आत कोण होतं? बायका. मांडीवर पोरं, पायाशी डबे, बोचकी, आणि खिडकीतून बाहेर काढलेली तोंडं. माझी बायको म्हणाली, "दादांचे उतारू." मग दरवेळी मोटार दिसली की म्हणायची. म्हातारपणी तीही बसायची त्यात, एकटी, मुराळ्याशिवाय, देवासला भाच्याकडे जायची. मी मोटारतळावर उभा राहायचो.

पौषात ती गेली तेव्हा मडकं मी धरलं. मडकं धरणारा पुढे चालतो. त्यानंही मागे वळून बघायचं नसतं. वाटेत मला मोठ्यानं विचारावंसं वाटलं, मागून कुणी सांगेल का, कशी आहे ती? पण पंत नव्हते. मागे शेजारी होते, नातवंडं होती, ती रामनाम घेत होती.

तर लेक म्हणतो, इंदूरला या. चांगला आहे लेक, सूनही चांगली आहे. जाईन कदाचित. पण ते काही माझं जायचं राहिलेलं ठिकाण नव्हे. पंत असते तर त्यांना सांगितलं असतं, की आता लिहा. धारहून देवासला जायचंय. तीच दमणी, तेच बैल, आत तीच बसलेली. कासरा दुसऱ्या कुणाच्याही हातात द्या.

मी मागून चालेन.